सेनबेच्या डब्यातल्या आत्या

दत्तात्रय खांबेटे यांना मी ओळखू लागले तेव्हा त्यांची वाचा जाऊन सात आठवडे झाले होते. म्हणजे ज्या माणसाची गोष्ट मी सांगायला बसले आहे, त्याने मला स्वतःबद्दल एक अक्षर सांगितलेलं नाही. जे आहे ते त्यांच्या वह्यांमधून, मुलीकडून, आणि थोडं माझ्या पदरचं. पदरचं कुठलं ते मी सांगत जाईन. इतिहासकाराबद्दल लिहायचं तर एवढी शिस्त पाळायलाच हवी.

टोकियोतल्या आमच्या कोतो भागातल्या मराठी लोकांचा एक ग्रूप आहे. त्यावरचे विषय ठरलेले: कुणाला सायकल विकायची आहे, गणपतीच्या मूर्ती यंदा किती मागवायच्या, चांगला हिंग कुठल्या दुकानात आलाय. गेल्या नोव्हेंबरात तिथे इंग्रजीत एक निरोप आला. 'माझे वडील पुनर्वसन रुग्णालयात आहेत. त्यांच्याशी मराठी बोलू शकेल आणि त्यांचं मराठी हस्ताक्षर वाचू शकेल अशी व्यक्ती हवी आहे. मला मराठी येत नाही. क्षिप्रा खांबेटे.' दोनशे चाळीस जणांनी तो वाचला, चाळीस जणांनी हात जोडले आणि सगळे पुन्हा हिंगाकडे वळले.

मी गेले, पण दयाबिया येऊन नाही. मला राग आला म्हणून गेले. नाव क्षिप्रा, आडनाव खांबेटे, आणि मराठी येत नाही! म्हटलं, बघू तरी कोण ही. तोयोसुच्या एका ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो, आणि ही सवय घरीही सुटत नाही असं माझ्या नवऱ्याचं, पुष्करचं, मत आहे.

रुग्णालयात काका चाकाच्या खुर्चीत बसले होते. एकाहत्तर वर्षांचे, कोकणी गोरे, घारे, नाकावर चष्मा नीट बसवलेला. उजवा हात मांडीवर नुसता ठेवून दिल्यासारखा. समोर वाचा-उपचार करणारा एक तरुण चित्रांची कार्डं घेऊन बसला होता. छत्री. कुत्रा. कात्री. प्रत्येक कार्डाला काका एकच उत्तर देत होते.

"बरं का."

रक्ताची गुठळी मेंदूत गेली, आणि मराठी, इंग्रजी, जपानी, ग्रीक, अल्बेनियन अशा पाच भाषा घेऊन गेली. मागे ठेवले हे दोन शब्द. आपण बोलता बोलता मध्येच टाकतो, तेवढेच.

क्षिप्रा पस्तिशीची, एका वाचनालयात नोकरी करणारी. चेहरा आईचा, डोळे वडिलांचे. तिने मला कमरेत वाकून नमस्कार केला तेव्हा माझा राग निम्मा उतरला.

"विभा-सान, हे जे म्हणतात त्याचा अर्थ काय?" तिने जपानीत विचारलं. आमचं सगळं बोलणं जपानीतच झालं. माझं जपानी ऑफिसातलं, पण चालून जातं.

"तसा काहीच नाही. 'ऐकताय ना' असं."

तिने ते वहीत लिहून घेतलं. सात आठवडे ती त्या दोन शब्दांचा अर्थ शोधत होती, आणि मी तिला सांगितलं की त्यात काही नाही.

उपचारवाल्याने मला मराठीत विचारायला सांगितलं. मी कार्ड उचललं. "काका, हे काय आहे, सांगा बघू." त्यांनी कार्डाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत राहिले, डोळे भरून आले, आणि डाव्या हाताने माझं मनगट धरून म्हणाले, "बरं का." घरच्या माणसाला पुष्कळ काही सांगायचं असावं, तसा सूर होता. मी कार्ड खाली ठेवलं. छत्रीला छत्री म्हणून या माणसाचं काय भलं होणार होतं?

त्यांना ऐकलेलं कळतं, असं तो तरुण म्हणाला. पण हो-नाहीवर विश्वास ठेवू नका. या आजारात मान हलते ती खरीच असेल असं नाही.

आता काकांची आधीची हकीकत. जन्म दापोलीखालच्या एका गावातला. वडील पोस्टमास्तर, घरात चार आत्या. पुण्याला इतिहासात एमए केलं आणि शिष्यवृत्तीवर अथेन्सला गेले. पुण्यात तेव्हा ग्रीस म्हटलं की सिकंदर, म्हणून हेही सिकंदरासाठीच गेले. तिथे ज्या बाईंकडे भाड्याने राहत, त्या आणि त्यांची बहीण स्वयंपाकघरात एका वेगळ्याच भाषेत बोलत आणि हे आत शिरले की गप्प होत. काकांनी विचारलं, ही कुठली भाषा? बाई म्हणाल्या, ती भाषा नाहीये, आमचं आपलं असंच. त्या दिवशीच्या वहीत लिहिलंय, 'जी भाषा बोलताना बाई दार लोटून घेते, तिचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा.' सिकंदर तिथेच सुटला.

ती अल्बेनियन होती. सहा-सातशे वर्षांपूर्वी अल्बेनियन बोलणारी माणसं दक्षिणेला ग्रीसमध्ये उतरली, शेती करून राहिली, ग्रीसच्या स्वातंत्र्यासाठी लढली. देव तोच, देश तोच, अभिमान तोच, फक्त घरातली भाषा ती. मग शाळा आल्या, मास्तरांच्या छड्या आल्या, आणि भाषा ओसरीवरून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून म्हाताऱ्यांच्या तोंडात तेवढी राहिली. ग्रीसमधल्या काहींनी लिहिलं, असे लोक नाहीतच. पलीकडच्या, अल्बेनियातल्या काहींनी लिहिलं, हे आमचेच, हरवलेले. काका म्हाताऱ्यांना जाऊन विचारत, "तुम्ही कोण?" त्या म्हणत, "कोण म्हणजे? आम्ही इथल्याच." काकांनी तेच लिहिलं. साहजिकच दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या.

अथेन्सला विणकाम शिकायला आलेल्या सातोएशी त्यांनी लग्न केलं आणि एकोणनव्वद साली तिच्यामागे टोकियोला आले. इथे ग्रीक-अल्बेनियन इतिहास कुणाला हवा होता? चार विद्यापीठांत वर्षावर्षाच्या करारावर त्यांनी तीस वर्षं तासिका घेतल्या. इंग्रजी व्याकरण, जगाचा इतिहास, आणि तीन वर्षं चक्क 'भारताची खाद्यसंस्कृती'. या माणसाला साधी आमटी करता येत नव्हती, असं क्षिप्रा सांगते. ग्रीसला पुन्हा जाणं झालं ते दोनदाच. एक पुस्तक निघालं, तीनशे प्रतींचं. दुसरं, म्हाताऱ्यांचं पुस्तक, पुढच्या वर्षी लिहायचं होतं. ते तीस वर्षं पुढच्याच वर्षी राहिलं. सहा वर्षांपूर्वी सातोए गेल्या, आणि मग हे.

काका ज्या वसाहतीत राहत, तिथे चौथा मजला आणि लिफ्ट नाही. ते आता घरी परतणार नव्हते. मार्चअखेर घर रिकामं करायचं होतं. डिसेंबरच्या एका शनिवारी मी क्षिप्राबरोबर तिथे गेले. कपाटात सेनबेचे, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचे, पत्र्याचे चौदा डबे होते. त्यांत कॅसेटी. एकशेबारा. प्रत्येकीवर बारीक, रेखीव मराठी अक्षर.

'भानुमतीआत्या, सप्टेंबर ८६.' 'जयंतीमावशी, शेंगा सोलताना.' 'श्यामकाका, युद्धाबद्दल.' 'विश्वजितदादा, दारू प्यायलेला.' मी वाचत गेले आणि मला भरतं आलं.

"अहो, हे तुमचं घर आहे!" मी म्हणाले. "तुमच्या वडिलांनी घरच्या माणसांचे आवाज भरून ठेवलेत. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. त्यांची आत्या, म्हणजे ही तुमची आजी लागते!"

इथे मी चूक केली. लेबल बघून आतला माल ठरवायचा नाही, हे ऑफिसात मी नवीन मुलांना घसा कोरडा करून सांगते.

क्षिप्रा भारतात एकदाच गेली होती, पाच वर्षांची असताना. तिथलं तिला एक विहीर आठवते, बाकी काही नाही. आत्या, मावशी, काका यांतलं कुणी तिला ठाऊक नव्हतं. ती उठली. कॅसेट-प्लेअर शोधून त्यात नवे सेल घातले. मग आत जाऊन तोंड धुऊन, केस विंचरून आली आणि गुडघे दुमडून ताठ बसली. आजीला पहिल्यांदा भेटायचं होतं ना! मी 'भानुमतीआत्या' लावली.

कोंबडा आरवला. कपात चमचा फिरला. मग एक म्हातारी बोलू लागली, भरभर, घशातून, आणि तिचा एकही शब्द मला कळेना.

"ही मराठी आहे?" क्षिप्राने विचारलं.

"नाही."

मी दुसरी लावली. तिसरी लावली. मावशीही तसलीच, दादाही तसलाच. क्षिप्रा गुडघ्यांवर तशीच बसून होती. धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं.

उलगडा वह्यांमध्ये झाला. पहिल्याच पानावर काकांनी लिहिलं होतं: 'नावं लिहायची नाहीत असं वचन दिलं आहे. कुणाचा मुलगा पोलिसात आहे, कुणाचा शाळेत मास्तर. गावाचंही नाव नको म्हणतात. म्हणून आपल्याच घरची नावं देतो. आत्या रागावणार नाहीत, त्यांना ग्रीस कुठे आहे तेही माहीत नाही. कोण म्हणजे कोण याची यादी करत नाही. ती माझ्या डोक्यात आहे. डोकं कुणी चोरत नाही.'

मी ते क्षिप्राला जपानीत सांगितलं. तिने शेवटचं वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे या बायका माझ्या कुणी नाहीत."

"नाहीत."

"पण नावं खरी आहेत? भानुमती नावाची आत्या होती?"

"असणार. होती."

"मग नावं तरी लिहून द्या," ती म्हणाली. मी तिला सगळी नावं जपानी अक्षरांत लिहून दिली. तिच्या हाती आलेला वंशवृक्ष तो एवढाच.

आणि मग फोतिनीचं पत्र. अथेन्सहून एका विद्यापीठाच्या पत्त्यावर ते आलं होतं आणि तीन आठवडे फिरत फिरत क्षिप्राकडे पोचलं होतं. फोतिनी पंचेचाळीस वर्षांची, अथेन्समध्ये औषधांचं दुकान चालवणारी. तिचे वडील गेल्या वर्षी वारले. शेवटचे दोन दिवस ते ग्रीक विसरून आजीच्या भाषेत बोलत होते, काहीतरी पुन्हा पुन्हा मागत होते. तिला ते कळलं नाही. जवळपास कळणारं कुणी उरलेलं नव्हतं. कागदपत्रांत एक फोटो सापडला: उंबऱ्यावर आजी आणि शेजारी चष्मेवाला परदेशी तरुण. मागे नाव आणि नंतर कधीतरी लिहिलेला टोकियोचा पत्ता. 'तुम्ही आमच्या घरी चाळीस दिवस होतात असं बाबा सांगत,' तिने लिहिलं होतं. 'माझी आजी गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिचा आवाज आठवत नाही. तुमच्याकडे तो असेल तर मला हवा आहे. ती काय बोलत असे, ते मला कळायला हवं आहे.'

"शोधायचा," क्षिप्रा म्हणाली. स्वतःची आजी नाही तर नाही, त्या बाईची तरी सापडेल, असं तिच्या मनात असावं. हे माझ्या पदरचं.

मग जानेवारीभर दर शनिवारी मी त्या चौथ्या मजल्यावर. पुष्कर म्हणायचा, "अगं, तू ऑफिसमध्ये टेस्टिंग करतेस आणि वीकएंडला आर्केऑलॉजी?" तो चेष्टा करायचा, पण डबाही भरून द्यायचा. बहुतेक कॅसेटींचा मजकूर वह्यांमध्ये मराठीत उतरवलेला होता. मी वाचायची आणि क्षिप्रा कॅसेट लावून ताडून बघायची. शेळ्या, ऑलिव्ह, उपासमार, हुंडा, गेलेली मुलं. आणि प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी काकांचा एकच प्रश्न: 'नातवंडांना ही भाषा का नाही शिकवलीत?' कॅसेटवर तो त्या भाषेतच ऐकू यायचा. 'प्से' असं सुरू व्हायचं ते वाक्य. प्से म्हणजे का. पन्नास वेळा ऐकून ते आम्हा दोघींनाही पाठ झालं होतं.

उत्तरं मात्र नाना तऱ्हेची. 'मास्तर मारायचे.' 'सून हसायची.' 'शिकून काय करणार, शेळ्यांशी बोलणार?' एका म्हातारीने म्हटलं होतं, 'मला कुणी विचारलंच नाही, तू पहिला.'

एका शनिवारी हे वाचून झाल्यावर क्षिप्राने चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "आई सांगायची, मी बोलायला उशीर लावला. पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या, घरात एकच भाषा ठेवा. तेव्हापासून बाबा माझ्याशी जपानीच बोलले. खरं कारण तेच का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही."

मला काकांचा संताप आला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! एकशेबारा म्हाताऱ्यांना जाब विचारणारा हा माणूस पाळणाघरातल्या एका बाईपुढे गप्प बसला? तशीच रागात घरी आले आणि आमच्या तन्वीला सांगितलं, उद्यापासून घरात मराठीच बोलायचं. तन्वी चौदाची. मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मुरि." म्हणजे जमणार नाही. मी तरी काय वेगळे दिवे लावले होते?

फोतिनीची आजी सापडली ती शेवटच्या डब्यात. कॅसेटवर फक्त 'आई' लिहिलेलं, तारीख ३ मे ८७. वहीत त्या तारखेचं पान जवळजवळ कोरं. वर दोन ओळी: 'दुपारी तार आली. आई गेली. तीन दिवसांपूर्वीच.' त्याखाली काही नाही. मजकूर उतरवलेला नाही, सारांश नाही, शेवटचं प्रश्नोत्तर नाही.

काका तुमच्या घरी असताना अशी तार आली होती का, असं आम्ही फोतिनीला विचारलं. तिचं उत्तर त्याच दिवशी आलं. 'हो! बाबा सांगायचे. त्या परदेशी मुलाला तार आली आणि तो तुतीखाली जाऊन बसला. आजी म्हणाली, आज मी बोलते, तू नुसता ऐक, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलत बसली.'

म्हणजे त्या दिवशी या म्हातारीने त्यांना पोटाशी धरलं होतं, आणि काकांनी तिला आपल्या घरातलं सगळ्यात मोठं नाव देऊन टाकलं. मी क्षिप्राला हे सांगितलं आणि दोघी रडलो. मी तर चांगली हुंदके देऊन रडले.

कॅसेट कॉपी करून पाठवली. फोतिनीने लिहिलं, ऐकल्याबरोबर आठवलं, आवाज आजीचाच आहे, खोकलासुद्धा. पण तिला एक शब्द कळला नव्हता. शेजारच्या अल्बेनियन गवंड्याला ऐकवलं, तर त्यालाही चार-दोन शब्दांपलीकडे लागेना. फार जुनी बोली, त्यात दात नसलेलं तोंड. 'प्रोफेसरांना विचाराल का? त्यांना सगळं कळत असे.'

प्रोफेसर तोवर कालव्याकाठच्या एका वृद्धाश्रमात हलले होते. फेब्रुवारीत एका दुपारी आम्ही प्लेअर घेऊन तिथे गेलो. क्षिप्राने कॅसेट लावली. म्हातारी बोलू लागली आणि काकांनी मान वर केली.

त्यांना सगळं कळत होतं. मी शपथेवर सांगते, शब्द न् शब्द. म्हातारीचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते हसायचे, म्हणजे पुढे काय येणार तेही आठवत होतं. मध्येच "बरं का!" म्हणून आमच्याकडे बघायचे, ऐकलंत का, काय म्हणाली ती, अशा नजरेने. आणि आम्ही दोघी दगडासारख्या. समोर माणूस बसलाय, त्याच्या डोक्यात सगळं शाबूत आहे, आणि आमच्यापर्यंत काही पोचत नाही.

मी विचारून पाहिलं. "काका, शेळ्यांबद्दल बोलतेय का?" मान हलली. "नवऱ्याबद्दल?" मान हलली. "माझ्याबद्दल?" तरीही हलली. मी पुढे विचारलं नाही.

तेव्हा क्षिप्राने एक केलं. कॅसेट पहिल्यापासून लावली, मोबाइलमधलं घड्याळ माझ्याकडे दिलं आणि वही उघडली. मी वेळ सांगायची, ती लिहायची.

'दोन मिनिटं दहा सेकंद, हसले. चार-पाच, मोठ्याने हसले. सहा-चाळीस, मान हलवली, पटलं नाही असं. नऊ-पंधरा, हसले. अकरा-तीस, रडू लागले. बारा-पन्नास, रडता रडता हसले.' अशी पंचेचाळीस मिनिटांची यादी. काकांचं शेवटचं भाषांतर. फोतिनीला तीच पाठवली, सोबत एक ओळ: क्षमा करा, याहून अधिक आम्हाला करता येत नाही.

दोन दिवसांनी तिचा निरोप आला. 'यादी समोर ठेवून मी आजीला ऐकते. तुमचे वडील हसले तिथे मीही हसते. आजी विनोदी होती हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाबा शेवटी काय मागत होते, ते मात्र यात असलं तरी मला कळणार नाही. आता ते सोडून देते.'

मला वाटलं, संपलं. पण क्षिप्राचं संपलं नव्हतं.

मार्चमध्ये घराच्या किल्ल्या परत केल्या त्या दिवशी आम्ही पुन्हा वृद्धाश्रमात गेलो. डबे मी माझ्या घरी आणून ठेवले होते. काका शिकवत त्यांतल्या एका विद्यापीठाने नावांची यादी असल्याशिवाय कॅसेटी घेणार नाही म्हणून कळवलं होतं. क्षिप्राने तीच कॅसेट लावली आणि शेवटाकडे नेली. तुतीखाली बसलेल्या तेहतीस वर्षांच्या काकांचा आवाज आला. आई गेल्याची तार खिशात असतानाही या चिकट माणसाने आपला प्रश्न सोडला नव्हता. 'प्से...' त्या अख्ख्या कॅसेटमधलं आम्हाला कळणारं हे एकच वाक्य.

म्हातारी उत्तर देणार, तोच क्षिप्राने बटण दाबलं. खुर्ची वडिलांच्या समोर ओढली. आणि ते वाक्य तिने स्वतः म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्या भाषेत, नीट.

का नाही शिकवलंत?

काका तिच्याकडे बघत राहिले. हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. ओठ हलले. ते बोलू लागले.

"बरं का. बरं का, बरं... बरं का." हळू, समजावून सांगितल्यासारखं. डावा हात उचलून खिडकीकडे दाखवलं, मग तिच्याकडे, मग स्वतःच्या छातीवर ठेवला. मध्ये एकदा आवाज चढला, कुणावर तरी रागावल्यासारखा. मध्ये एकदा हसले. एका ठिकाणी थांबले आणि तेच पुन्हा, अधिक सावकाश सांगितलं, म्हणजे तिला कळावं. सगळं त्या दोन शब्दांत. मी मोबाइलमधलं घड्याळ लावून, कान देऊन ऐकत होते. त्या दोन शब्दांत काही नसतं असं तिला सांगणारी मीच.

मग ते थांबले. सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. चष्मा डाव्या हाताने नीट केला आणि मुलीच्या तोंडाकडे बघू लागले, आता ती काय म्हणते म्हणून.

क्षिप्रा माझ्याकडे वळली.

"विभा-सान, काय म्हणाले?"

मराठी येणारी, हस्ताक्षर वाचणारी बाई म्हणून मला इथे बोलावलं होतं.

"मला नाही कळलं," मी म्हणाले.

तिने मान हलवली. वही काढली, यादीच्या खाली एक रेघ ओढली.

"किती वेळ बोलले?"

"चार मिनिटं दहा सेकंद."

तिने ते लिहून घेतलं.